हाताला कळेनासं झालं तेव्हा

माझी सगळी नोकरी गाईच्या मागे उभं राहून झाली. समोरून गाय कशी दिसते, हे मी निवांतपणे फार थोड्या वेळा पाहिलं असेल. कागदोपत्री माझं पद पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. पण जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ज्याच्या मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधलेलं दिसतं त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात. मीही कधी फार जोर लावून ती चूक दुरुस्त केली नाही.

काम काय होतं ते सांगतो. गोठ्याशी संबंध नसलेल्यांनी थोडं नाक मुरडलं तरी चालेल. गाय माजावर आली की मालकाचा फोन येतो. आम्ही जातो, भांड्यातून वळूच्या गोठवलेल्या रेताची काडीएवढी नळी काढतो, कोमट पाण्यात धरतो आणि लांब सळईसारख्या गनमध्ये बसवतो. मग डाव्या हाताला खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून तो हात गाईच्या शेणाच्या वाटेने आत घालतो. आतड्याच्या पातळ पडद्यातून खाली गर्भाशयाची मान लागते. कोंबडीची मान चाचपावी तशी, टणक आणि वळ्यावळ्यांची. ती बोटांत धरायची, उजव्या हाताने खालच्या वाटेने गन सरकवायची, मान अलगद तिच्यावर चढवायची आणि रेत सोडायचं. झाली गाय भरवून. दिसत काहीच नाही. नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते आणि बोटांना कळेल तेवढंच खरं असतं. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तसाच हात घालून गाय गाभण आहे की रिकामी, ते सांगायचं. याला लोक ‘हात घालून बघणं’ म्हणतात. 

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. ओझरला एक निवृत्त गुरुजी होते. गाय संकष्टीलाच भरवायची असा त्यांचा हट्ट. मी म्हणायचो, “गुरुजी, गाईचा माज उद्यापर्यंत थांबत नाही.” ते म्हणायचे, “थांबेल. आमची गाय समजूतदार आहे.” ती गाय समजूतदार होती खरी, पण गाभण राहत नव्हती. शेवटी एकदा गुरुजी गावाला गेले असताना त्यांच्या मंडळींनी मला गुपचूप बोलावलं आणि काम झालं. गुरुजींना वासरू दिसल्यावर त्यांनी तिथी मोजली की नाही, ते मी विचारलं नाही.

वर आहुप्याला एक म्हातारबाबा होते. माझा हात आत असताना ते बाजूला उभे राहून कुतूहलाने विचारायचे, “आत काय दिसतंय वो?” मी म्हणायचो, “बाबा, अंधार दिसतोय.” “मंग तुमाला कळतंय कसं?” या प्रश्नाला मी कधी नीट उत्तर दिलं नाही. कळत होतं, तोवर उत्तराची गरज पडली नव्हती.

एका पावसाळ्यात आमच्या भागात चिकुनगुनियाची साथ आली. घरटी एकेक-दोन-दोन माणसं पडली. मला गोठ्यातच ताप भरला. मोटारसायकल तिथेच ठेवून कुणीतरी मला घरी आणून सोडलं. ताप आठवडाभरात उतरला. अंगावरचे लाल चट्टे गेले. साथ ओसरली, लोक टोमॅटोच्या खुड्याला लागले. मीही उठलो. पण माझे हात उठले नाहीत.

सकाळी जाग आली की बोटं वाळत घातलेल्या फडक्यासारखी कडक झालेली असायची. मूठ वळत नव्हती. दात घासायचा ब्रश मी दोन तळहातांत धरायचो. माझी बायको शैला शर्टाची बटणं लावून द्यायची. पहिले काही दिवस ती चेष्टा करायची, “नवरदेवाला तयार करतेय.” नंतर चेष्टा बंद झाली आणि नुसती बटणं लागायची. ऊन वर चढलं की बोटं थोडी सैल व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा मनगटं सुजायची. मोटारसायकलचा क्लच दाबणं हा माझ्यासाठी दिवसातला सगळ्यात मोठा पराक्रम झाला.

तपासण्या झाल्या. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी आमवाताचं रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. त्यांनी सरळ सांगितलं, “विषाणू गेलाय. त्यानं जाताना सांध्यांत केलेली सूज राहिलीय. काहींची महिन्याभरात जाते, काहींची वर्षं घेते. तुम्ही कोणत्यात मोडता ते मला आज सांगता येणार नाही.” गोळ्या दिल्या, मेणाचा शेक सांगितला, बोटांचे व्यायाम सांगितले. मला ते डॉक्टर आवडले. माहीत नाही हे त्यांना म्हणता येत होतं.

बाकीच्या जगाला मात्र सगळं माहीत होतं. ताप येऊन सहा महिने झाल्यावर चिकुनगुनियाचं नाव काढलं की लोक चमकून बघायचे. “आजून? आमचा बाप सत्तर वर्साचा, तो पंधरा दिवसात शेतात गेला राव.” हात मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. माझे हात दुपारी साडेबाराला अगदी धडधाकट दिसायचे. कार्यालयात एकाने मला ऐकू येईल अशा बेताने म्हटलं की निवृत्ती जवळ आली की पुष्कळांचे सांधे दुखतात. बोलायला पुरावा नव्हता.

दुखणं एक वेळ सोसता आलं असतं. खरी अडचण वेगळीच होती. मोज्यातून, आतड्यातून, त्या सगळ्या उबदार चिखलातून बोटांना जे कळायचं, ते कळेनासं झालं होतं. सुजलेल्या बोटांना सगळंच सारखं लागतं. शिवाय गाय जोर करते तेव्हा तिच्या कमरेच्या हाडात मनगट दाबलं जातं. पूर्वी ते मला जाणवतही नसे. आता डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि मी कॅलेंडरवरच्या देवाचा चेहरा नीट बघत राहायचो.

हे मी पहिल्यांदा तोंडाने कबूल केलं ते सुलाबाईच्या गोठ्यात.

सुलाबाई डिंभ्याच्या खालच्या अंगाला कालव्याकाठी राहतात. नवरा मागेच वारलेला, मुलगा संतोष चाकणला कंपनीत, सुटीला येतो. घरात त्या आणि सून वैशाली. वैशाली आळेफाट्याची. लग्नाआधी ब्यूटी पार्लरचं शिकलेली, घराच्या पुढच्या खोलीत तिने आरसा आणि फिरती खुर्ची मांडली होती. गोठ्याकडे ती शक्यतो फिरकत नसे. चार संकरित गाई सुलाबाईच सांभाळायच्या. त्यांतली चांदणी ही त्यांची लाडकी, आणि ती सारखी उलटत होती, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर येत होती. त्या वेळी मात्र ती अडीच महिने झाले तरी माजावर आली नव्हती. म्हणून मला बोलावलं होतं.

मी हात घातला. मान लागली, पुढे काहीतरी लागलं. ते भरलेलं होतं की रिकामं, मला सांगता येईना. हात काढला, पुन्हा घातला. सुलाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“काय हाय, डॉक्टर?”

“मला कळत नाही,” मी म्हणालो.

इतक्या वर्षांत हे वाक्य मी कुठल्याही गोठ्यात उच्चारलं नव्हतं. सुलाबाईंनी स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. बोटांची पेरं गाठीगाठींनी फुगलेली होती.

“तुमालाबी त्योच ताप आला व्हता ना?” त्या म्हणाल्या. “मला धार काढता येत न्हाई. मशिन आणलंय पोरानं. पर चांदणी मशिनला पान्हा सोडत न्हाई. माझा हात लागल्याबिगर सोडतच न्हाई ती. मंग मी नुसता हात ठेवती सडावर आन मशिन लावती. फसवती तिला.”

“औषध घेताय का?”

“घेती की. संतोष म्हणतो, आये, वय झालं. वय काय एका आठवड्यात व्हतं व्हय? सोमवारी मी भाकरी थापत व्हते आन पुढच्या सोमवारी पातेलं उचलंना.”

मी त्यांना पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं: शेक, व्यायाम, सकाळी गरम पाण्यात हात धरून बसणं. त्यांनी मला कण्हेरीच्या पानांचा काहीतरी लेप सांगितला. कण्हेर विषारी म्हणून मी तो लावला नाही आणि त्यांनाही लावू नका म्हणालो. गाई भरवायला शिकलेला आणि गाई पाळणारी अशी दोन माणसं चांदणीच्या मागे उभी राहून अर्धा तास स्वतःच्या बोटांबद्दल बोलत होती. चांदणी रवंथ करत होती.

गाभण आहे की नाही, हे आमच्या पशुवैद्यकीय अधिकारी बाईंनी पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं. गाभण होती.

ती व्यायली तो प्रसंग सांगायला हवा. सकाळी नऊच्या सुमाराला वैशालीचा फोन आला. आवाज चढलेला. “काका, चांदणी पहाटेपासून कळा देतेय. एकच पाय बाहेर दिसतोय. आत्या रडतायत.” अधिकारी बाईंना फोन केला तर त्या वरच्या अंगाला एका म्हशीच्या केसमध्ये अडकलेल्या, यायला दुपार होणार. मी जवळ होतो. निघालो.

वासराने यायचं असतं ते पुढचे दोन्ही पाय लांब करून, त्यांवर तोंड ठेवून, पाण्यात सूर मारल्यासारखं. इथे एक पाय आणि नाकपुड्या दिसत होत्या. दुसरा पाय आत गुडघ्यात दुमडलेला असणार. अशा वेळी वासराला आत ढकलायचं, दुमडलेल्या पायाचं खूर तळहाताच्या ओंजळीत झाकून घ्यायचं, म्हणजे पिशवी फाटत नाही, आणि मग तो पाय पुढे ओढायचा. हे मी किती वेळा केलं होतं त्याची मोजदाद नाही. जमलं नाही असं क्वचितच.

साबणाने हात धुतले, डावा आत घातला. गुडघा लागला. खुरापर्यंत पोचलो. ओंजळ करायला बोटं वळवली, तेवढ्यात चांदणीने कळ दिली आणि माझं मनगट हाडात सापडलं. तोंडातून काय आवाज आला मला आठवत नाही. वैशाली सांगते की गाय आणि मी एकदमच ओरडलो. कळ ओसरल्यावर हात बाहेर काढला, तेव्हा बोटं माझी नव्हतीच.

सुलाबाई गोठ्याच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. “मी घालती हात,” त्या म्हणाल्या आणि उठल्या. मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं, त्यांनीही बघितलं आणि पुन्हा खाली बसल्या.

वासराच्या नाकपुड्यांना मी बोट लावलं. जिवंत होतं. दुपारपर्यंत राहिलं नसतं.

मी वैशालीकडे वळलो. “तुझा हात बारीक आहे.”

“नाही हं, काका.”

“मी सांगतो तसं फक्त कर.”

“मला ओकारी येते. खरंच. मी शेणसुद्धा भरत नाही, विचारा आत्यांना.”

सुलाबाई म्हणाल्या, “भरत न्हाई. खरंय.” मग थोड्या वेळाने सुनेकडे न बघताच म्हणाल्या, “चांदणी जाईल गं.”

वैशाली आत गेली. मला वाटलं, गेली ती गेली. ती परत आली तेव्हा बांगड्या काढलेल्या होत्या. पार्लरमधली कात्री घेऊन तिने गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून उजव्या हाताची नखं मुळापासून कापली. लाल रंग लावलेली, चांगली वाढवलेली नखं होती. मग तिने कोपरापर्यंत साबण लावला आणि ओढणी तोंडावर बांधली.

“आता?”

“कळ थांबली की घाल. वरच्या बाजूने, वासराच्या मानेला धरून.”

हात कोपरापर्यंत गेला. तिने डोळे घट्ट मिटले होते.

“काय लागतंय?”

“ओलं. सगळं ओलं आहे.”

“टणक काही?”

“हो. एक वाटोळं आहे.”

“गुडघा आहे. त्याच्या पुढे जा. खाली. थांब, कळ येतेय, हात ढिला सोड, जोर करू नकोस.”

कळ आली. तिचा चेहरा पांढरा पडला. “काका, हात मोडतोय माझा.”

“मोडत नाही. जाईल आत्ता. गेली? आता खाली जा. टोकदार लागलं?”

“लागलं. दोन फाटे आहेत.”

“तेच खूर. वरचे दोन सांधे वाकवून बघ. दोन्ही एकाच बाजूला वाकतात?”

ती आत चाचपत राहिली. “वाकतात. एकाच बाजूला.”

मग तो पुढचाच पाय. मागच्या पायाचे सांधे एकमेकांच्या उलट वाकतात. “खूर मुठीत झाक. पूर्ण झाक, अंड्यासारखं. मी वासराला आत रेटतो, तू खूर वर उचलून तुझ्याकडे आण.” मी तळहाताच्या खालच्या बाजूने वासराचं कपाळ मागे दाबलं. एवढं मला जमत होतं.

“येत नाही.”

“येईल. ओढू नकोस, उचल.”

“येत नाही, काका!” आणि लगेच, वेगळ्याच आवाजात, “आला. आला, आला.”

दुसरं खूर बाहेर दिसलं. पुढे दोऱ्या बांधून तिने आणि शेजारच्या एका बाप्याने कळेसरशी ओढ दिली आणि वासरू धप्पकन गोणपाटावर पडलं. क्षणभर हललं नाही. मग शिंकलं. सुलाबाई पुढे झाल्या. बोटांनी गोणपाट धरवेना, म्हणून त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातांनीच ते वासरावर घासायला सुरुवात केली, पोळपाटावर लाटणं फिरवावं तशी.

वैशाली नळाखाली हात धरून उभी होती. तिने तिथूनच विचारलं, “काय आहे?”

मी शेपटी उचलून बघितलं. “गोऱ्हा.”

संकरित गाईचा गोऱ्हा. ना शेतीला, ना दुधाला. वैशालीने आधी वासराकडे बघितलं, मग आपल्या बुडाशी कापलेल्या नखांकडे, आणि ती जी हसायला लागली ती नळाशीच खाली बसली. सुलाबाई हसल्या. मीही हसलो, पण मला जरा बाजूला जायचं होतं. गोठ्यामागे गव्हाणीला टेकून मी कपाळावरचा घाम पुसत राहिलो. काम झालं होतं. ते माझ्या हाताने झालं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि कोणती मोठी हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

त्या आठवड्यात मी लेखी दिलं की मला फिरतीचं काम जमत नाही. कार्यालयात टेबल मिळालं. जनावरांच्या कानांतल्या बिल्ल्यांचे नंबर संगणकात भरायचे. त्यालाही बोटंच लागतात, हे साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. मी दोन तर्जन्यांनी भरत राहिलो, निवृत्तीपर्यंत. निरोपाच्या भाषणात एकाने माझ्या हाताला यश होतं असं म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत, पण स्वतःच्या सत्काराला टाळ्या वाजवायच्या नसतात, त्यामुळे ते खपून गेलं.

वैशालीने नंतर कधी गाईत हात घातला नाही. नखं पुन्हा वाढवली, पार्लर चालू आहे. मात्र सकाळची धार आता ती काढते. दोन गाई कमी केल्या, दोन ठेवल्या. सुलाबाईंची बोटं वर्ष-दीड वर्षात पुष्कळ मोकळी झाली. भाकरी थापतात. माझी तेवढी झाली नाहीत. ताप तोच, साथ तीच, औषधंही बरीचशी तीच. असं का, हे मी पुण्याच्या डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, माहीत नाही.

आता बटणं मी लावतो. वरचं सोडून. क्लचचा त्रास नको म्हणून स्कूटर घेतली. बसून बसून माणूस कुढतो. मधलं एक वर्ष माझं तसं गेलं. शैलाशी धड बोलत नव्हतो, फोन आला तर उचलत नव्हतो. त्याबद्दल फार लिहीत नाही. तेही त्या तापाच्याच खात्यावर आहे, एवढं नोंदवतो, कारण त्याची तपासणी कुणी सांगत नाही.

गेल्या थंडीत सुलाबाईंचा फोन आला. “चांदणीला बघून जा.”

मी म्हटलं, “मी निवृत्त झालो. बाईंना बोलवा.”

“त्या येऊन गेल्या. सात म्हयन्याची गाभण हाय म्हणल्या.”

“मग मी येऊन काय करू?”

“या तर. च्या घ्या.”

गेलो. चहा झाला. मग त्यांनी मला गोठ्यात नेलं. कठड्यावर नवा मोजा, साबण आणि पाण्याची बादली मांडून ठेवलेली होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या चांदणीची शेपटी बाजूला धरून उभ्या राहिल्या.

मोजा चढवायला वैशालीने मदत केली. हात घातला. पहिल्यांदा तापानंतरच्या दिवसांसारखंच, जाड घोंगडीवरून चाचपावं तसं. मग मी घाई केली नाही. चांदणीही शांत उभी होती. हळूहळू पिशवीचा भरलेला गोल लागला, आणि त्यात एक लहान, टणक, दोन फाट्यांचं काहीतरी. मी ते हलकेच चिमटलं. आतल्या वासराने पाय आखडून घेतला.

“पाय ओढला,” मी म्हणालो.

“कळलं?” सुलाबाईंनी विचारलं.

“कळलं.”

“दुखतंय का?”

“दुखतंय.”

“मंग काढा हात.”

गाईच्या पोटात ऊब असते. बाहेर थंडी होती. मी म्हटलं, काढतो, आणि आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.